अकरावीच्या रसायनशास्त्रातले ‘कार्य’ दिसते तरी कुठे?

तिस्कवाला (धागाकर्ता):
मी फोंड्यात अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवतो. ऊष्मागतिकीच्या प्रकरणापाशी आलो की दर वर्षी गाडी एकाच ठिकाणी अडते. ‘प्रणालीच्या आंतरिक ऊर्जेतला बदल म्हणजे तिने घेतलेली उष्णता अधिक तिच्यावर झालेले कार्य’ हे मुले घडाघडा म्हणतात, त्यावरची गणितेही सोडवतात. परंतु प्रयोगशाळेत त्यांच्या वाट्याला येते ती केवळ उष्णता. थर्मोकोलच्या पेल्यात आम्ल आणि अल्कली एकत्र करायचे, तापमापी बुडवायची, पारा किती चढला ते पाहायचे आणि उदासिनीकरणाची उष्णता मोलामागे (मोल म्हणजे पदार्थाचे कण मोजण्याचे ठरलेले माप) सुमारे ५७ किलोज्यूल येते का ते ताडून बघायचे. या सगळ्यात कार्य कोणी केले आणि कोणावर केले, याचा मागमूस नसतो. एखाद्या चिकित्सक मुलाने विचारलेच, तर ‘ते इथे नगण्य आहे’ एवढेच सांगता येते.

म्हणून माझे मत असे झाले आहे की अकरावीत कार्याचा भाग वगळावा, थेट एन्थाल्पीपासून (आंतरिक ऊर्जेत दाब आणि आकारमान यांचा गुणाकार मिळवून येणाऱ्या राशीपासून) सुरुवात करावी आणि कार्य पदवीच्या वर्गासाठी ठेवावे. येथे शिक्षक, अभियंते, डॉक्टर असे बरेच सदस्य आहेत, त्यांना काय वाटते? आणि आपल्या गोव्यातल्या मुलाच्या रोजच्या पाहण्यातली अशी एखादी अभिक्रिया सांगता येईल का, जिच्यात कार्य डोळ्यांना दिसते?

शंकेखोर:
असहमत. जमाखर्चातला एक रकाना बहुतेक वेळा रिकामा राहतो म्हणून तो पानातून फाडून टाकायचा, हे काही पटत नाही.

निवृत्त रसायनी:
‘नगण्य’ म्हणजे किती, हे आकड्याने सांगितले तर निम्मी अडचण दूर होईल. जस्ताचा तुकडा विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला की हायड्रोजन निघतो. उघड्या चंचुपात्रात हा प्रयोग केला तर एका मोल जस्तामागे सुमारे १५४ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. त्याच वेळी निघालेल्या एक मोल हायड्रोजनला स्वतःसाठी जागा करावी लागते. २५ अंश सेल्सिअस तापमानाला आणि वातावरणाच्या दाबाला ती जागा जवळजवळ साडेचोवीस लिटर भरते, आणि तेवढी हवा मागे सारण्यात अडीच किलोज्यूल कार्य खर्ची पडते. म्हणजे आंतरिक ऊर्जा १५४ ने नव्हे, तर साधारण १५६.५ किलोज्यूलने घटते. हीच अभिक्रिया भक्कम बंद पात्रात, आकारमान स्थिर ठेवून केली असती तर ते अडीच किलोज्यूलसुद्धा उष्णता म्हणूनच हाती आले असते. चंचुपात्राला दट्ट्या नाही म्हणून कार्य झाले नाही, असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात डोक्यावरचे वातावरण हाच दट्ट्या आहे.

एन्थाल्पीपासून सुरुवात करण्याबद्दल एकच विचारतो. ही राशी मुळात लागली कशासाठी? उघड्या भांड्यातल्या या कार्याचा हिशेब दर वेळी वेगळा मांडावा लागू नये, यासाठी. कार्यच वगळले तर आंतरिक ऊर्जेत दाब आणि आकारमान यांचा गुणाकार का मिळवायचा, हे तुम्ही मुलांना कशाच्या आधाराने सांगणार?

पोदेराचा शेजारी:
मी रसायनशास्त्राचा माणूस नाही, परंतु धागाकर्त्यांनी मागितलेले उदाहरण आमच्या भिंतीपलीकडेच आहे असे वाटते. पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, रात्री मैदा मळून ठेवतो, पूर्वी त्यात माडाची सूर (माडी) घालत, आता यीस्ट घालतात. पहाटे भट्टी पेटायच्या वेळी पाहावे तर फळीवर मांडलेले गोळे फुगून एकमेकांना टेकलेले असतात आणि वर झाकलेले ओले फडके त्यांनी वर उचलून धरलेले असते. फडके उचलणे हे कार्य नव्हे काय?

निवृत्त रसायनी:
@पोदेराचा शेजारी, निःसंशय कार्य आहे, आणि जस्ताच्या उदाहरणापेक्षा ते प्रमाणात बरेच मोठे आहे. एक मोल ग्लुकोज आंबले की दोन मोल अल्कोहोल आणि दोन मोल कार्बन डायऑक्साइड मिळतो. त्यात बाहेर पडणारी उष्णता फक्त ७० किलोज्यूलच्या आसपास असते. दोन मोल वायूने हवा सारण्याचे कार्य होते पाच किलोज्यूल. म्हणजे उष्णतेच्या तुलनेत सात टक्के. जस्ताच्या प्रयोगात हेच प्रमाण दोन टक्क्यांच्याही खाली होते. पिठाचा आकार एक लिटरने वाढला असेल तर वातावरणाविरुद्ध सुमारे १०० ज्यूल कार्य झाले असे समजावे. फडक्याचे वजन त्यापुढे किरकोळ आहे. पोदेराच्या पिठाने खरे ओझे उचलले ते हवेचे.

हुर्राकप्रेमी:
याचा अर्थ भाटीपाशी (फेणीच्या भट्टीपाशी) पिंपात ठेवलेला नीरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा रस, रात्रभर फसफसतो तेव्हा तोही कार्यच करत असतो, आणि भाटीचा मालक तेवढा सुशेगाद झोपलेला असतो. फेणी गाळतानाचे काय?

निवृत्त रसायनी:
फसफसण्याबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे. गाळणे ही मात्र रासायनिक अभिक्रिया नव्हे. भाणात (गाळण्याच्या मडक्यात) द्रवाची वाफ होते, पुढे वाफेचा पुन्हा द्रव होतो, रेणू तेच राहतात. उष्णता आणि कार्य तेथेही आहेत, पण या धाग्याच्या विषयात ते बसत नाही. हुर्राक (पहिल्या गाळपाची सौम्य दारू) बसेल की नाही, ते सदस्यांनी ठरवावे.

डिचोलीकर:
माझा संबंध दगडाच्या खाणींशी आहे. चिरा (जांभा दगड) कापून काढता येतो, काळ्या दगडाला सुरुंग लागतो. कार्य पाहायचे असेल तर सुरुंगासारखे दुसरे उदाहरण नाही. पुष्कळांची समजूत असते की स्फोटकात इंधनापेक्षा कितीतरी अधिक ऊर्जा भरलेली असते. तसे नाही. टीएनटी या स्फोटकाची ऊर्जा ग्रॅमला सुमारे ४.२ किलोज्यूल धरतात. वाळलेले लाकूड ग्रॅमला १६ किलोज्यूलच्या आसपास देते आणि स्वयंपाकाचा गॅस तर ४६ च्या घरात. मेणबत्तीचे मेणसुद्धा टीएनटीच्या दसपट ऊर्जा देते. फरक इतकाच की लाकडाला आणि मेणाला हवेतून ऑक्सिजन मिळेल तसतसे जळावे लागते, तर स्फोटकाला हवेची वाट पाहावी लागत नाही, आणि त्यातून क्षणार्धात प्रचंड तापलेला वायू तयार होतो. खडक फोडतो तो हा वायू आणि त्याचा धक्का. इंजिनातही हेच होते. इंधन जळून वायूच्या रेणूंची संख्या वाढते आणि ते दट्ट्या ढकलतात.

दुपारची फेरीबोट:
सुरुंगाबद्दल सहमत, पण शेवटच्या वाक्याबद्दल नाही. माझे आयुष्य डिझेल इंजिनांत गेले आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो. सिलिंडरमध्ये जी हवा ओढली जाते तिच्यात ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि तो ज्वलनात जवळजवळ भागच घेत नाही. डिझेल जळून जो कार्बन डायऑक्साइड आणि जी वाफ तयार होते, त्यांच्यामुळे एकूण रेणूंची संख्या फार तर सहा-सात टक्क्यांनी वाढते. डिझेल इंजिनात हवा गरजेपेक्षा जास्तच असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. तेवढ्यावर रायबंदरहून चोडणला गाड्यांनी भरलेली फेरीबोट जाणार नाही. दाब वाढतो तो तापमानामुळे, कारण ज्वलनाची उष्णता त्याच कोंडलेल्या वायूला मिळते आणि त्याचे निरपेक्ष तापमान दुपटीहून अधिक होते. अभिक्रियेने आधी वायू तापवायचा आणि तापलेल्या वायूने प्रसरण पावत दट्ट्या ढकलायचा, असे ते दोन पायऱ्यांचे काम आहे.

या दोन पायऱ्यांमुळेच नुकसान होते. एक किलो डिझेल सुमारे ४३ मेगाज्यूल ऊर्जा देते. चांगल्या इंजिनात त्यातली ३५ ते ४० टक्के कार्य म्हणून हाती लागते. उरलेली धुराड्यातून आणि थंड करणाऱ्या पाण्यातून निघून जाते. इंजिनघरात अर्धा तास उभे राहिले म्हणजे ती कुठे जाते हे वेगळे सांगावे लागत नाही.

नवा सदस्य:
मे महिन्यात पणजीत बसून हा धागा वाचतो आहे. एखादी ऊष्माग्राही, म्हणजे उष्णता शोषणारी, अभिक्रियाही घ्यावी, ही नम्र विनंती.

सत्तरीची लेक:
मी जीवशास्त्र शिकवते. आमच्याकडे हा प्रश्न सोपा असतो. एटीपीतला (पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूतला) फॉस्फेटचा बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते, आणि तीच स्नायूंच्या कार्याला लागते. म्हणजे रेणूंच्या बंधांत ऊर्जा साठवलेली असते आणि बंध तोडला की ती मोकळी होते, असे मुलांना सांगितले तर पुरे नाही का?

निवृत्त रसायनी:
ताई, हे विधान नेमके उलटे आहे आणि पाठ्यपुस्तकांबाहेरही फार पसरलेले आहे, म्हणून थोडा आग्रहाने लिहितो. कोणताही बंध तोडायला ऊर्जा द्यावीच लागते. ऊर्जा मिळते ती नवा बंध जुळताना. दोन मोल हायड्रोजन आणि एक मोल ऑक्सिजन घ्या. हायड्रोजनचे बंध तोडायला मोलामागे ४३६ प्रमाणे ८७२ आणि ऑक्सिजनचे तोडायला ४९८, असे एकूण १३७० किलोज्यूल आधी मोजावे लागतात. मग पाण्याच्या दोन मोल रेणूंत ऑक्सिजन-हायड्रोजन असे चार मोल बंध जुळतात. प्रत्येकी ४६३ प्रमाणे १८५२ किलोज्यूल परत येतात. फरक ४८२ किलोज्यूलचा, आणि तोच ज्वलनात मिळतो. एटीपीच्या बाबतीतही बंध तुटण्याचा खर्च असतोच. पाण्याशी अभिक्रिया होऊन जे नवे बंध जुळतात आणि तयार झालेले आयन पाण्यात जसे स्थिरावतात, त्यातून तो खर्च भागून वर शिल्लक राहते.

सत्तरीची लेक:
आकडे समजले. तरीही नववी-दहावीच्या मुलांसमोर हा सगळा हिशेब मांडणे अवघड आहे, असे माझे मत कायम आहे. ‘बंधात साठवलेली ऊर्जा’ याऐवजी ‘अभिक्रियेत सुटणारी ऊर्जा’ असे म्हणता येईल.

चुन्याची भिंत:
जुनी घरे दुरुस्त करताना मला सिमेंटपेक्षा चुन्याशी अधिक व्यवहार करावा लागतो. या विषयाला चुन्याइतके चांगले उदाहरण नाही, म्हणून थोडी जागा घेतो.

आपल्याकडे पूर्वी शिंपल्या भाजून चुना करत. शिंपली म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत ९०० अंशांच्या आसपास तापले की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते. नव्या सदस्याने मागितलेली ऊष्माग्राही अभिक्रिया ती हीच, मात्र तिच्यापाशी बसून गारवा मिळणार नाही. मोलामागे सुमारे १७८ किलोज्यूल उष्णता तिला द्यावी लागते. भट्टीत जळणाऱ्या लाकडाची आणि कोळशाची ऊर्जा त्यासाठी खर्च होते. शिवाय निघालेला वायू वातावरणाला मागे सारतो, म्हणजे येथे प्रणाली उष्णता घेते आणि कार्य देते.

मग चुनकळी विझवायची. ती पाण्यात टाकली की प्रथम नुसता सुस्कारा ऐकू येतो, मग खडे तडकू लागतात, त्यांचे पीठ होत जाते, आणि पाहता पाहता पाणी रटरटायला लागते. येथे मोलामागे सुमारे ६५ किलोज्यूल उष्णता सुटते. किलोच्या हिशेबात ती जवळजवळ १,१६० किलोज्यूल होते, म्हणजे एक किलो चुनकळी साडेतीन लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेऊ शकते. पाणी कमी आणि चुनकळी जास्त झाली तर चुना उसळून अंगावर उडतो. डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेतते. आमच्याकडे चष्मा लावल्याशिवाय कोणालाही कुंडीजवळ जाऊ देत नाही. वर्गात कोणी हे करून दाखवणार असेल तर वाटाण्याएवढा खडा पुरे.

तिसरी पायरी कोणाच्या लक्षातच येत नाही. विरलेला चुना गिलाव्यात बसला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून पुन्हा कार्बोनेट होतो. हे काम वर्षानुवर्षे चालते. त्यातही मोलामागे सुमारे ११३ किलोज्यूल उष्णता सुटते, परंतु इतक्या संथपणे की भिंतीला हात लावून काही कळणार नाही. आता बेरीज करून पाहा: ६५ अधिक ११३ म्हणजे १७८. भट्टीत जेवढी घातली तेवढीच कुंडीत आणि भिंतीत मिळून परत आली. हेस यांनी १८४० मध्ये मांडलेला नियम तो हाच की एकूण उष्णता अभिक्रिया किती टप्प्यांनी झाली यावर अवलंबून नसते. मला तो पुस्तकात कधी नीट भावला नव्हता.

शंकेखोर:
वरचा प्रतिसाद उत्तम आहे, परंतु त्यातल्या हेस यांच्या नियमाच्या वाक्याला एक अट जोडायला हवी, आणि माझ्या मते या धाग्याचा गाभा त्या अटीत आहे. उष्णता मार्गावर अवलंबून नसते, हे सर्वसाधारणपणे खरे नाही. दाब कायम असेल आणि हवेला सारण्याखेरीज दुसरे कोणतेही कार्य होत नसेल, तेव्हाच ते खरे ठरते. मार्गावर अवलंबून नसतात त्या आंतरिक ऊर्जा आणि एन्थाल्पी. उष्णता आणि कार्य या दोन्ही गोष्टी मार्ग बदलला की बदलतात.

डॅनियल यांनी १८३६ मध्ये केलेला विद्युत घट घ्या. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात जस्ताची पूड टाकली तर तांबे खाली बसते, निळा रंग फिका होत जातो आणि भांडे चांगलेच तापते. मोलामागे सुमारे २१९ किलोज्यूल उष्णता सुटते आणि कार्य जवळजवळ शून्य. आता तेच जस्त आणि तेच मोरचूद सच्छिद्र भांड्याने वेगळे ठेवा, तारेने जोडा आणि प्रवाह अगदी सावकाश घ्या. सुरुवात तीच, शेवटही तोच. परंतु या वाटेने २१२ किलोज्यूलपर्यंत विद्युत कार्य मिळू शकते आणि उष्णता म्हणून उरतात जेमतेम सहा-सात. येथे वायू नाही, दट्ट्या नाही, आकारमानात बदल नाही, तरीही ऊर्जेचा बहुतेक सगळा भाग कार्य होऊन बाहेर पडतो.

कार्य वगळून एन्थाल्पी शिकवली तर मुलगा असे समजेल की २१९ किलोज्यूल उष्णता हा त्या अभिक्रियेचा गुणधर्मच आहे. मग बारावीत विद्युतरसायनशास्त्र आले की घटातून मिळणारी ऊर्जा कुठून आली, याचे उत्तर त्याच्यापाशी नसेल. फेरीबोट यांनी सांगितलेले ३५ ते ४० टक्केही याच कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहेत: रासायनिक ऊर्जा आधी उष्णता करून मग तिचे कार्य करायचे, की थेट कार्य करून घ्यायचे, यात केवढा फरक पडतो!

दुपारची फेरीबोट:
सहमत. पण घटातून प्रवाह जोरात घेतला की त्याची तार आणि द्रावणही तापते, हे लिहायला हवे. २१२ चा आकडा बाजारातल्या बॅटरीने दिलेला नव्हे.

शंकेखोर:
म्हणूनच ‘सावकाश’ आणि ‘पर्यंत’ हे दोन्ही शब्द लिहिले आहेत.

नाडीपरीक्षक:
डॉक्टर म्हणून एक इतिहासातली गोष्ट. उष्णता आणि कार्य या एकाच ऊर्जेच्या दोन वाटा आहेत, हे ज्यांना सर्वांत आधी सुचले त्यांच्यात रॉबर्ट मायर हे एक जर्मन वैद्य होते. १८४० मध्ये ते डच जहाजावरचे डॉक्टर म्हणून जावा बेटावर पोचले. तेथे खलाशांची शीर मोकळी करताना त्यांना नीलेतले रक्त अपेक्षेपेक्षा फार लाल दिसले. उष्ण प्रदेशात अंग ऊबदार ठेवायला शरीराला कमी जाळावे लागते, म्हणून रक्तातला ऑक्सिजन कमी खर्च होतो, असा त्यांनी तर्क केला आणि तेथून पुढे शरीराची ऊब आणि शरीराचे श्रम ही दोन्ही त्याच अन्नातून भागतात, या विचारापर्यंत ते गेले. १८४२ मध्ये त्यांनी ते छापले. ज्यूल यांचे वजने खाली सोडून पाणी घुसळण्याचे प्रयोग त्यानंतरचे.

शरीरात एक मोल ग्लुकोज पूर्ण जळले की सुमारे २,८०० किलोज्यूल ऊर्जा मिळते. सहा मोल ऑक्सिजन आत, सहा मोल कार्बन डायऑक्साइड बाहेर, त्यामुळे निवृत्त रसायनी यांच्या पद्धतीने हवा सारण्याचे कार्य शून्यच येईल. तरीही माणूस डोक्यावर पाटी घेऊन चढ चढतो. स्नायूंचे हे कार्य त्या हिशेबाबाहेरचे आहे, ही शंकेखोर यांच्या म्हणण्याला पुष्टी समजावी.

नवा सदस्य:
चिन्हांचा घोळ कोणी सोडवेल का? आमच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात उष्णता अधिक कार्य आहे, भौतिकशास्त्रात तेच कार्य वजा होते.

निवृत्त रसायनी:
घोळ नाही. रसायनशास्त्रात प्रणालीवर झालेले कार्य मोजतात, भौतिकशास्त्राच्या पुस्तकात प्रणालीने केलेले. कोणी कोणावर केले, हे आधी शब्दांत लिहावे. चिन्ह मागून आपोआप येते. परीक्षेत ज्या विषयाचा पेपर असेल त्याची रीत वापरावी.

तिस्कवाला (धागाकर्ता):
सर्वांचे आभार. कार्य पूर्ण वगळावे, हा आग्रह मी सोडतो. शंकेखोर यांचा घटाचा मुद्दा बिनतोड आहे. परंतु क्रम बदलावा, हे मला अजूनही वाटते. दट्ट्याच्या काल्पनिक आकृतीने धडा सुरू करण्याऐवजी आधी घट किंवा फुगलेले पीठ दाखवावे आणि समतापी (तापमान कायम ठेवून होणाऱ्या) प्रसरणाची गणिते नंतर घ्यावीत. आता अडचण प्रात्यक्षिकाची आहे. पोदेराच्या पिठाला रात्र लागते, आमचा तास चाळीस मिनिटांचा असतो. उष्णता आणि कार्य दोन्ही एकाच प्रयोगात, एका तासात मोजता येतील असे काही आहे का?

निवृत्त रसायनी:
आहे, आणि नव्या सदस्याला हवा तो गारवाही त्यात आहे. खाण्याचा सोडा आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्ल. ही अभिक्रिया मोलामागे सुमारे ३१ किलोज्यूल उष्णता शोषते, त्यामुळे भांडे हाताला गार लागते, आणि तरीही वायू निघून दट्ट्या ढकलला जातो. मोलामागे अडीच किलोज्यूल कार्य, म्हणजे घेतलेल्या उष्णतेचा साधारण बारावा हिस्सा बाहेर जातो आणि उरलेली आंतरिक ऊर्जेत जमा होते. ‘प्रणाली तापली तरच ती कार्य करू शकते’ हा समज यातून जातो.

लहान कुपीत पाच मिलिलिटर आम्ल घ्या, ०.१५ ग्रॅम सोडा पातळ कागदाच्या पुडीत बांधून आत टाका आणि लगेच नळी लावलेले बूच बसवून नळी ६० मिलिलिटरच्या सिरिंजला जोडा. चाळीसेक मिलिलिटर वायू मिळायला हवा. थोडा पाण्यात विरघळेल. चाळीस मिलिलिटरला कार्य होते सुमारे चार ज्यूल. तापमान मोजायला तेवढाच सोडा आणि तेवढेच आम्ल वेगळ्या पेल्यात घ्या, बुचातून तापमापी घालायचा खटाटोप नको.

प्रयोगशाळा सहायक:
मी हा प्रयोग मांडून दिलेला आहे, म्हणून एक व्यवहारातली सूचना. प्लास्टिकच्या सिरिंजचा रबरी दट्ट्या आधी अडकून बसतो आणि मग एकदम सरकतो, त्यामुळे वाचन भलतेच येते. काचेची सिरिंज घ्यावी, ती आडवी धरावी आणि वाचन घेण्यापूर्वी दट्ट्या बोटाने हलकेच फिरवून मोकळा करावा. बुचाला व्हॅसलीन लावायला विसरू नये. दोन तुकड्यांचा वायू तेथूनच निसटला होता.

तिस्कवाला (धागाकर्ता):
काचेच्या सिरिंज आमच्याकडे दोनच आहेत, मुले चाळीस. गट पाडून करीन आणि आकडे येथे देईन.